जेझीचा मंडप : उतारवयातील मातृत्व आणि साक्षीचा प्रश्न

१

दान्तेच्या 'दिव्य कॉमेडी'तील 'स्वर्ग' या खंडाचा तिसरा सर्ग वाचणाऱ्या प्रत्येकास पिक्कार्दा आठवत असते. मठातून भावाने बळजबरीने बाहेर काढलेली ही जोगीण चंद्रलोकात कवीला भेटते आणि बोलता बोलता आपल्या उजवीकडच्या एका तेजाकडे निर्देश करते. ते तेज सम्राज्ञी कॉन्स्टन्सचे. तीही आपल्यासारखीच जोगीण होती, तिच्याही मस्तकावरचे वस्त्र इतरांनी ओढून काढले, पण अंतःकरणावरचे वस्त्र तिने कधी उतरवले नाही, अशा आशयाचे पिक्कार्दा सांगते आणि सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकची माता म्हणून तिचा उल्लेख करून थांबते.

कॉन्स्टन्स जोगीण होती याला तिच्या हयातीतील एकही विश्वसनीय आधार नाही. दान्तेने ही कथा रचलेली नाही. त्याच्या काळी ती इटलीत सर्वतोमुखी झालेली होती. आणि तिच्या जोडीला आणखी एक कथा फिरत होती, जी दान्ते सांगत नाही, पण त्याच्यानंतरचे बखरकार आणि चरित्रकार आवडीने सांगतात : फ्रेडरिकला जन्म देताना कॉन्स्टन्स पन्नाशी उलटलेली, ऋतू संपलेली वृद्धा होती. जोव्हान्नी विल्लानीच्या फ्लॉरेन्सच्या बखरीत हे आहे. बोकाच्चोने १३६०च्या सुमारास रचलेल्या प्रसिद्ध स्त्रियांच्या लॅटिन चरित्रसंग्रहातही तिचे प्रकरण आहे, आणि तिथे तर तिच्या सुरकुत्यांचेही वर्णन येते.

आम्हांस या लेखात विचार करायचा आहे तो या दुसऱ्या कथेचा. चाळीस-पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर, स्त्रीस गर्भ राहू शकतो की नाही, हा प्रश्न आज दवाखान्यात विचारला जातो. पण तो शेकडो वर्षे दरबारात, धर्मपीठापुढे आणि बाजारपेठेतही विचारला गेला आहे. तिथे त्याची उत्तरे कशी दिली गेली, आणि ती देताना प्रत्यक्ष त्या स्त्रीच्या शब्दाला काय किंमत मिळाली, हे पाहण्यासाठी कॉन्स्टन्सइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही.

२

प्रथम वयाचा हिशोब करू. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर हा कॉन्स्टन्सचा पिता. त्याने बिअॅट्रिस ऑफ रेथेल हिच्याशी तिसरा विवाह केला तो ११५१मध्ये, आणि तो मरण पावला फेब्रुवारी ११५४मध्ये. कॉन्स्टन्स ही त्याच्या पश्चात, ११५४च्या अखेरीस जन्मलेली कन्या. तिच्या जन्माची ही नोंद बाजूला ठेवली तरी आईबापांच्या विवाहाआधी तिचा जन्म कोणी मांडलेला नाही. फ्रेडरिकचा जन्म २६ डिसेंबर ११९४चा. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती, आणि कितीही ताणले तरी बेचाळीस-त्रेचाळीसच्या पलीकडे जाणे शक्य नव्हते. ही वजाबाकी करण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. विल्लानी आणि बोकाच्चो यांनी ती केली नाही, कारण चाळीस वर्षांच्या राणीची गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. साठीकडे झुकलेल्या जोगिणीची होती.

पण या दंतकथेला एक खरा आधार होता, तो विलंबाचा. कॉन्स्टन्सचा विवाह एकतिसाव्या वर्षापर्यंत झालेला नव्हता. बाराव्या शतकातील राजकन्येच्या बाबतीत ही असामान्य गोष्ट होती, आणि असामान्य गोष्टीला लोक कारण शोधतात. 'ती मठात होती' हे ते सोयीचे कारण. जानेवारी ११८६मध्ये मिलान येथे तिचे लग्न सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पुत्र हेन्री याच्याशी झाले. वर वधूहून सुमारे अकरा वर्षांनी लहान. तीन वर्षांनी तिचा पुतण्या, सिसिलीचा राजा दुसरा विल्यम, निपुत्रिक वारला आणि ती राज्याची वारस ठरली. सिसिलीच्या सरदारांनी मात्र लेच्चेच्या टान्क्रेडला राजा केले. ११९१मध्ये रोमला सम्राज्ञीपदाचा अभिषेक झाल्यावर त्याच वर्षी सालेर्नो येथे ती टान्क्रेडच्या हाती सापडली आणि पुढल्या वर्षी सुटली. या सर्व काळात तिला मूल झाले नाही. लग्नाला नऊ वर्षे होत आली होती.

टान्क्रेड ११९४च्या आरंभी मेला. हेन्री सैन्यासह दक्षिणेकडे निघाला आणि त्या वर्षीच्या नाताळात, २५ डिसेंबरला, पालेर्मोत सिसिलीचा राजा म्हणून त्याला अभिषेक झाला. गर्भवती कॉन्स्टन्स मागून सावकाश प्रवास करीत होती. आंकोनाजवळच्या जेझी या लहानशा गावात तिला थांबावे लागले आणि अभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी तिथे तिला मुलगा झाला.

हे मूल कोणाला नको होते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढील संशयाचा अर्थ लागत नाही. उत्तरेस जर्मन साम्राज्य, दक्षिणेस सिसिलीचे राज्य, आणि या दोहोंच्या मध्ये पोपची भूमी. हेन्री आणि कॉन्स्टन्स निपुत्रिक राहिले असते तर ही दोन्ही राज्ये त्यांच्यानंतर पुन्हा वेगळी होण्याची आशा होती. मुलगा झाला आणि ती आशा मावळली. जेझीत जन्मलेले मूल हे पोपच्या गळ्याभोवती आवळला जाणारा फास होते. म्हणून त्या मुलाचे औरस असणे हाच वादाचा विषय झाला, आणि वादाला हाताशी पुरावा होता तो आईच्या वयाचा.

३

परंपरा सांगते की, हा वाद होणार हे ओळखून कॉन्स्टन्सने भर चौकात मंडप उभारला, गावातील स्त्रियांना दवंडी पिटून बोलावले आणि त्यांच्या देखत ती बाळंत झाली. काही कथांत तर नंतर ती दुधाने भरलेले स्तनही लोकांना दाखवते. ही कथा समकालीन कागदपत्रांत नाही, नंतरच्या बखरींत आहे. विल्लानी तो मंडप जेझीऐवजी पालेर्मोच्या चौकात उभारतो, यावरून ती किती हातांतून गेली असेल याची कल्पना येते. जेझीकर मात्र आजही आपल्या गावच्या चौकालाच ते स्थान मानतात. त्या चौकाला फ्रेडरिकचेच नाव आहे.

मंडप खरा की खोटा हे आम्ही ठरवू इच्छित नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, अशी कथा निर्माण व्हावी लागली. बाळंतपण ही मराठी घरांतही माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत, सुईण आणि चार जाणत्या बायका यांच्या हवाली असलेली गोष्ट होती. युरोपातही ती तशीच होती. पुरुषांना तिथे प्रवेश नव्हता, आणि म्हणून तिथे काय घडले याची साक्ष केवळ स्त्रियांची असे. कथेतील मंडप ही बंद खोली उघडी करतो. ज्या स्त्रीच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, तिला आपले शरीरच साक्षीला उभे करावे लागते, असा त्या मंडपाचा अर्थ आहे.

आणि संशय मात्र काल्पनिक नव्हता. त्याच्या खुणा समकालीन लेखनात आहेत. हेन्री सप्टेंबर ११९७मध्ये मेसिना येथे अकस्मात वारला. हाउडनचा रॉजर हा इंग्रज बखरकार लिहितो की, बाळ फ्रेडरिकला राज्याभिषेक होण्यापूर्वी कॉन्स्टन्सला शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवून, हा मुलगा हेन्रीपासून धर्मपत्नीच्या पोटी जन्मलेला आहे, अशी शपथ घ्यावी लागली. राज्याभिषेक मे ११९८मध्ये पालेर्मोत झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॉन्स्टन्स मरण पावली, आणि मरण्यापूर्वी तिने मुलाला पोप तिसरा इनोसंट याच्या पालकत्वाखाली ठेवले. ज्या पोपपीठास या मुलाचा धोका वाटत होता त्याच्याच पदरात तिने तो घातला. एकट्या विधवेची ही राजनीती थक्क करणारी आहे. तिच्यानंतर हेन्रीचा सेनानी मार्कवार्ड याने सिसिलीची सत्ता बळकावण्याचा खटाटोप केला, तेव्हा हा मुलगा सम्राटाचा नाहीच, हे आपण सिद्ध करू, असे त्याने पोपला कळवल्याचे इनोसंटच्या चरित्रात नमूद आहे. पुढे तेराव्या शतकातला फ्रान्सिस्कन बखरकार सालिम्बेने, फ्रेडरिक हा वस्तुतः जेझीच्या एका खाटकाचा मुलगा असून कॉन्स्टन्सने गर्भाचे सोंग केले, ही वदंता नोंदवून ठेवतो.

याच्या अगदी उलट सूर दुसऱ्या बाजूने लागत होता. एबोलीच्या पीटरने हेन्रीच्या गौरवार्थ रचलेल्या लॅटिन काव्याची सचित्र पोथी आज बर्नच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात कॉन्स्टन्स तान्ह्या बाळाला स्पोलेतोच्या डचेसच्या स्वाधीन करते आहे, असे चित्र आहे. आणि खुद्द फ्रेडरिकने १२३९मध्ये जेझीकरांना लिहिलेल्या पत्रात त्या गावाला आपले बेथलेहेम म्हटले आणि आईला दिव्य मातेचे विशेषण लावले. येशूच्या जन्मदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी जन्मलेल्या सम्राटाला हे सुचणे स्वाभाविक होते.

एका बाजूला खाटकाचे पोर, दुसऱ्या बाजूला बेथलेहेम. एक कपटाची कथा, दुसरी चमत्काराची. उशिरा आलेल्या गर्भाबद्दल त्या काळाच्या संस्कृतीजवळ बोलण्यासाठी हे दोनच साचे होते. चमत्काराचा साचा बायबलचा : अब्राहामाची नव्वद वर्षांची पत्नी सारा, जिचा स्त्रीधर्म थांबलेला होता आणि जी देवाचे वचन ऐकून हसली, किंवा उतारवयात योहानाला जन्म देणारी एलिझाबेथ. जिच्यावर देवाची कृपा नाही, तिच्यासाठी उरतो तो कपटाचा साचा. चाळीस वर्षांच्या एका बाईला, लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर, मूल झाले एवढी साधी गोष्ट सांगण्याची सोय या दोहोंपैकी कशातच नव्हती.

४

ती सोय वैद्यांजवळ मात्र होती, आणि योगायोग असा की कॉन्स्टन्सच्याच राज्यात होती. ज्या सालेर्नोत ती पकडली गेली ते युरोपातील वैद्यकविद्येचे तेव्हाचे सर्वांत मोठे केंद्र. तिथे बाराव्या शतकात रचल्या गेलेल्या आणि पुढे 'त्रोतुला' या नावाने प्रसिद्ध झालेल्या स्त्रीरोगविषयक ग्रंथसमूहात विटाळाचा काळ सांगितला आहे. तो तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो. बाई कृश असेल तर पन्नाशीपर्यंत, तिच्या प्रकृतीत ओलावा असेल तर साठ-पासष्टीपर्यंत, आणि मध्यम स्थूल असेल तर पस्तिशीपर्यंतच टिकतो, असे तो ग्रंथ म्हणतो. यातील कारणमीमांसा आज टिकणारी नाही आणि पासष्टीची मर्यादाही नाही. पण विटाळ थांबण्याचे वय प्रत्येकीचे वेगळे असते आणि त्यात फार मोठे अंतर असू शकते, ही गोष्ट त्या ग्रंथकारांनी नेमकी ओळखली होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी आणि क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. शरीर जरेने पक्व झाले की तो क्षय होतो, असे त्याचे कारण दिले आहे. या सर्व गणितांत चाळीस वर्षांची कॉन्स्टन्स सहज बसत होती. फ्रेंच वैद्य गार्दान याने १८२१मध्ये या अवस्थेला 'मेनोपॉज' हे आज रूढ असलेले नाव दिले, त्याआधी निदान पंधरा शतके वैद्यांना या अवस्थेची ठोबळ रूपरेषा ठाऊक होती.

आज आपल्याला काय ठाऊक आहे? मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि ऋतू थांबताना सुमारे हजारभर. जननक्षमता मात्र पाळी थांबण्याच्या कितीतरी आधी ओसरू लागते. तिशीतील निरोगी स्त्रीस एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता सुमारे २० टक्के असते. चाळिशीत ती ५ टक्क्यांच्या खाली येते. गर्भपाताचे प्रमाण वाढते, आणि डाउन सिंड्रोमचे मूल होण्याची शक्यता चाळिसाव्या वर्षी शंभरात एकाच्या आसपास, तर पंचेचाळिसाव्या वर्षी तिसात एकाच्या आसपास जाते. उत्तर अमेरिकेतील हटराइट या धर्मपंथात संततिनियमन निषिद्ध होते. तेथील स्त्रियांचा १९५७मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, शेवटच्या बाळंतपणाच्या वेळी त्यांचे सरासरी वय सुमारे एकेचाळीस होते. म्हणजे कॉन्स्टन्सने ज्या वयात पहिले मूल जन्माला घातले, त्या वयात अनेक जणींचे शेवटचे होते. ही गोष्ट विरळ खरी, पण अशक्य मुळीच नाही.

शक्यता कमी होते, पण शून्य केव्हा होते हे आधी कळत नाही. रजोनिवृत्तीची वैद्यकीय व्याख्याच मागे वळून पाहणारी आहे : पाळी न येता सलग बारा महिने गेले, की शेवटची पाळी कोणती होती ते ठरते. त्याआधीची काही वर्षे पाळी कधी लवकर येते, कधी दोन-चार महिने चुकते, आणि एखाद्या चुकल्यासारख्या वाटणाऱ्या महिन्यातही बीज सुटू शकते. म्हणूनच पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष संततिनियमन चालू ठेवावे, असा सल्ला वैद्यकात दिला जातो. शिवाय चुकलेली पाळी, थकवा, पोट फुगणे, स्तनांचा हुळहुळेपणा, मनाची उलघाल ही लक्षणे दोहोंना सारखीच. 'पाळी जायला लागली' असे धरून चाललेल्या बाईस पाचव्या महिन्यात मुलाने पोटात ढोसले की खरे काय ते कळावे, हे आमच्या आज्यांच्या पिढीत नवलाचे नव्हते. लेकीचे बाळंतपण करायला आलेली आईच त्या वर्षी बाळंत झाली, अशा हकिकती कित्येक घरांतून संकोचाने सांगितल्या जात. त्या मुलाला मराठीत 'शेंडेफळ' असा किती गोड शब्द आहे. आणि त्याच्या आईकडे मात्र 'या वयात?' अशा नजरेने पाहिले जाई.

ज्या काळात शरीराला स्वतःचीच खात्री नसते, त्या काळात स्त्रीची साक्ष अनिश्चित असणे हा तिचा दोष नव्हे, तो त्या अवस्थेचा स्वभाव आहे. दरबारांनी मात्र ही अनिश्चितता मान्य केली नाही. याचे दुसरे उदाहरण साडेतीनशे वर्षांनंतरचे आणि इंग्लंडमधले आहे. तिथे चित्र नेमके उलटे दिसते.

५

आठव्या हेन्रीची ज्येष्ठ कन्या मेरी ट्यूडर जुलै १५५३मध्ये राणी झाली, तेव्हा ती सदतीस वर्षांची आणि अविवाहित होती. पुढच्या जुलैत तिने स्पेनच्या फिलिपशी विवाह केला. तो तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. इंग्लंड पुन्हा रोमच्या धर्मछत्राखाली आणायचे तर मेरीला कॅथलिक वारस हवा होता. नाहीतर गादी तिची सावत्र बहीण एलिझाबेथ हिच्याकडे जाणार होती. १५५४च्या शरदात मेरीला दिवस गेल्याचे जाहीर झाले. पाळी थांबली होती, पोट वाढू लागले होते, स्तनांत बदल दिसत होते. नोव्हेंबरात पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पोल समोर आला, त्या क्षणी आपल्या पोटात मूल हलले, असे तिला वाटले. एलिझाबेथच्या पोटात योहान हलला होता ती शुभवर्तमानातील घटना दरबारात सर्वांना आठवली असणार. देशभर ईश्वरस्तुतीच्या प्रार्थना झाल्या. संसदेने, राणी बाळंतपणात दगावल्यास मुलाचे पालकत्व फिलिपकडे जावे, अशी तरतूद केली. चमत्काराचा साचा या खेपेस पहिल्यापासूनच तयार होता.

एप्रिल १५५५मध्ये मेरी प्रथेप्रमाणे हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात बाळंतखोलीत गेली. ३० एप्रिलला मुलगा झाल्याची आवई उठली आणि लंडनमध्ये घंटा वाजल्या, होळ्या पेटल्या. परकीय दरबारांना पाठवायची पत्रे आधीच लिहून ठेवलेली होती. जन्माची तारीख तेवढी भरायची राहिली होती. मे गेला, जून गेला. वैद्य हिशोब पुढे ढकलत राहिले. जुलैत पोट उतरू लागले. ऑगस्टच्या आरंभी, कसलीही घोषणा न करता, राणी दुसऱ्या राजवाड्यात राहायला गेली आणि त्या महिन्याअखेर फिलिप देश सोडून निघून गेला.

मेरीने सोंग केले होते का? तिला जवळून पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तसे वाटले. तरुणपणापासून तिची पाळी अनियमित होती हे तिच्या वैद्यांना ठाऊक होते. बीजकोशातील गाठ, मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचा विकार, किंवा तीव्र इच्छेतून शरीराने उभारलेला भासगर्भ, असे निरनिराळे तर्क नंतरच्या वैद्यांनी केले आहेत. लंडनमध्ये मात्र वेगळीच कथा पसरली. प्रॉटेस्टंट हुतात्म्यांचा इतिहासकार जॉन फॉक्स याने आपल्या ग्रंथात एक ऐकीव गोष्ट दिली आहे : ऑल्डर्सगेटजवळच्या एका गरीब बाईस त्या जूनमध्ये मुलगा झाला, आणि ते मूल गुपचूप देऊन टाकण्याची गळ तिला बड्या लोकांनी घातली. जेझीचा खाटीक इथे लंडनच्या गल्लीत पुन्हा अवतरला. फरक इतकाच की, तिथे मूल होते आणि ते खरे नव्हे असे म्हटले गेले. इथे मूल नव्हतेच, आणि तरी दुसऱ्याचे मूल आणून ठेवण्याचा बेत होता असे म्हटले गेले.

१५५७मध्ये फिलिप काही महिन्यांपुरता परत आला, आणि तो गेल्यावर मेरीला पुन्हा गर्भाची आशा वाटली. मार्च १५५८मध्ये तिने मृत्युपत्र केले तेच मुळी आपण गर्भवती आहोत असे समजून. या वेळी तिच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. ऑक्टोबरात तिने त्या मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि आपल्या पोटी संतान झाले नाही तर काय, याची सोय केली. १७ नोव्हेंबर १५५८ला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ती मरण पावली.

कॉन्स्टन्सचे सांगणे खरे होते आणि त्यावर संशय घेतला गेला. मेरीचे सांगणे खरे ठरले नाही, पण ते खोटे बोलणे नव्हते; ती जे अनुभवत होती तेच सांगत होती. दोघींच्या बाबतीत राज्याने अनिश्चिततेचे रूपांतर आरोपात केले. 'कळत नाही' हे उत्तर वारसाहक्काच्या कायद्याला चालत नाही. त्यामुळे जिथे शरीर चकवते तिथे बाई फसवते असे म्हटले जाते.

६

फसवणारी आणि फसलेली यांतला हा भेद युरोपीय साहित्याने फार उशिरा, आणि तोही एका वृद्ध लेखकाच्या शेवटच्या कथेत, नीट मांडला. थॉमस मानच्या १९५३मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकथेचे जर्मन शीर्षक 'दी बेट्रोगेन' असे आहे. त्याचा अर्थच 'फसवली गेलेली स्त्री' असा. इंग्रजी भाषांतराला 'काळा हंस' असे शीर्षक दिले गेले आणि त्यात मूळ शीर्षकातला न्यायनिवाडा हरवला. १९२०च्या दशकातील ड्युसेलडॉर्फमध्ये राहणारी रोझाली फॉन ट्युम्लर ही पन्नाशीची विधवा, निसर्गावर भाबडी श्रद्धा असलेली. पाळी थांबल्यामुळे आपण स्त्री उरलो नाही, असे तिला वाटते. मुलाच्या तरुण अमेरिकन शिक्षकावर तिचे प्रेम बसते, आणि त्याच सुमारास तिला पुन्हा रक्तस्राव सुरू होतो. निसर्गाने आपल्याला तारुण्य परत दिले, असे ती आनंदाने मुलीला सांगते. तो कर्करोग असतो.

ही कथा क्रूर आहे, असे पुष्कळांनी म्हटले आहे. आम्हांस ती न्याय्यही वाटते. इथे शपथ घ्यायला लावणारा पोप नाही, वारसाची वाट पाहणारी संसद नाही. रोझालीच्या गर्भाशयावर कोणाचेही राज्य अवलंबून नाही, आणि म्हणून तिच्यावर कपटाचा आरोप करण्याची कोणाला गरजही नाही. मान चमत्काराचा साचा उचलतो, सारेचे हसू रोझालीच्या मुखावर आणतो, आणि मग तो साचा मोडतो; पण मोडताना त्याच्या जागी कपटाचा साचा ठेवत नाही. मरताना रोझाली निसर्गाला दोष देत नाही. मृत्यूने तिच्यासाठी प्रेमाचे आणि पुनरुत्थानाचे रूप घेतले असेल, तर तो लबाडी नसून दया होती, असे ती मानते. आपल्या फसण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार लेखक तिलाच देतो. मेरी ट्यूडरला तो कोणी दिला नव्हता.

रोझालीच्या काळीच ही अनिश्चितता संपू लागली होती. १९२७-२८मध्ये बर्लिनच्या अॅशहाइम आणि झोंडेक यांनी लघवीवरून गर्भ ओळखण्याची पहिली भरवशाची चाचणी सिद्ध केली. १९५८मध्ये ग्लासगोच्या इयन डोनल्डने ध्वनिलहरींनी गर्भाचे चित्र दाखवले. जेझीच्या मंडपाची गरज संपली. आता साक्ष यंत्र देते.

७

मग प्रश्न संपला का? कायद्यात तो नव्या रूपाने आलेला आहे. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन रजोनिवृत्तीनंतरही गर्भ धारण करणे १९८०च्या दशकापासून शक्य झाले. २०१९मध्ये आंध्र प्रदेशात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीने या मार्गाने जुळ्यांना जन्म दिला, तेव्हा वृत्तपत्रांत पुन्हा तेच दोन सूर उमटले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी अनाचार. २०२१च्या भारतीय साहाय्यित जननतंत्र कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीच्या वयाची मर्यादा ५० आणि पुरुषाची ५५ ठरवली. या मर्यादेमागे मातेच्या व मुलाच्या आरोग्याची, आणि मूल मोठे होईपर्यंत आईबाप हयात असावेत याची चिंता आहे. ती आम्ही गैर मानत नाही. पण सुश्रुताच्या पन्नासाला आणि या पन्नासाला एका रांगेत पाहताना एक भेद जाणवतो. सुश्रुताचा आकडा शरीराचे वर्णन करणारा होता. कायद्याचा आकडा परवानगी देणारा आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासातून काय घेता येईल, असे कोणी विचारेल. आमच्यापुरते उत्तर असे की, वाचताना आपण साक्षीदाराचे वय पाहून साक्ष मोजतो का, हे तपासण्याची सवय यातून लागते. 'स्वर्ग'चा तिसरा सर्ग शिकवताना कॉन्स्टन्सची टीप 'जोगीण, उतारवयात माता' अशी लिहिली जाते, तेव्हा आपणही नकळत विल्लानीच्या बाजूला उभे असतो. टीप अशी लिहिता येईल : जन्म ११५४, विवाह ११८६, मुलगा ११९४, वय चाळीस, मुलगा आपलाच आहे अशी शपथ तिला घ्यावी लागल्याची बखरीत नोंद, मृत्यू ११९८. दान्तेने तिला स्वर्गात जागा दिली हे खरे. पालेर्मोच्या प्रधान चर्चमध्ये तिची समाधी बाप, नवरा आणि मुलगा यांच्या समाध्यांच्या सोबतीने आहे. ज्या मुलाच्या जन्माबद्दल इतकी वर्षे वाद चालला, तो १२५०मध्ये मरण पावल्यावर आईजवळच नेऊन ठेवला गेला.